नात्यातलं बाळ आणि परदेशी पासपोर्ट

आकुर्डी,
16 नोव्हेंबर 2025

चि. मृणाल आणि चि. संदीप यांस,
अनेक आशीर्वाद.

मृणालच्या धाकट्या बहिणीचं, अमेरिकेतल्या रेवतीचं धाकटं बाळ तुम्ही दत्तक घ्यायचं असं तुम्ही चौघांनी ठरवलंत आणि घरच्या सगळ्यांनी त्याला होकार दिला. त्या होकारात मीही आहे, हे आधी सांगतो. माझं म्हणणं फक्त क्रमाबद्दल आहे. तुमचा बेत असा, की रेवतीने जानेवारीत बाळाला घेऊन यावं, इथे दत्तकविधान करावं, दुय्यम निबंधकांकडे दत्तकपत्र नोंदवावं आणि ती परत गेली की बाळ तुमच्याकडे वाढावं. पण बाळ अमेरिकेत जन्मलं, म्हणजे जन्मापासून ते तिथलं नागरिक आहे. तेवढ्या एका गोष्टीमुळे हा क्रम उलटा करायला हवा असं माझं ठाम मत आहे. आधी अमेरिकेतली दत्तकाची प्रक्रिया पूर्ण व्हावी, मग बाळ आकुर्डीला यावं. दोन्ही भाच्या मला सारख्याच, त्यामुळे मी कुणा एकीची बाजू घेतोय असं समजू नका. मी बाजू घेतोय ती बाळाची.

जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल तुम्ही दोघांनी नीट वाचावा. प्रकरण जवळजवळ आपलंच आहे. एका भारतीय दांपत्याला पत्नीच्या बहिणीचं मूल दत्तक घ्यायचं होतं. जन्मदाते आईवडील भारतीय, मूल मात्र अमेरिकेत जन्मलेलं आणि तिथलं नागरिक, अगदी लहान असतानाच भारतात आणलेलं. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाने, म्हणजे ‘कारा’ने, हे दत्तक नोंदवायला नकार दिला. न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांच्या खंडपीठाने तो नकार योग्य ठरवला. बाल न्याय कायदा 2015 आणि त्याखालचे दत्तक नियम परदेशी नागरिक असलेल्या मुलाच्या अशा दत्तकाला लागू होत नाहीत, मूल नात्यातलं असलं तरी नाही. अमेरिकी मूल दत्तक घेणं हा भारतीय दांपत्याचा मूलभूत हक्क नाही. आधी अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे दत्तक पूर्ण करा, मग मूल इथे आणण्याची पुढची प्रक्रिया करा, असं न्यायालयाने सांगितलं. त्या कुटुंबाच्या हेतूत खोट नव्हती, मायेतही नव्हती. मूल इथे राहत होतं, वाढत होतं, आणि तरीही कायद्याच्या दृष्टीने ते त्यांचं झालेलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, 1956 च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्यात नागरिकत्वाची अट कुठे आहे? मूल हिंदू असावं, पंधरा वर्षांच्या आतलं असावं, जन्मदात्यांनी प्रत्यक्ष द्यावं आणि तुम्ही घ्यावं, मुख्यतः एवढंच तो कायदा मागतो. दत्तकहोमाचीही सक्ती नाही, आणि नोंदणी केलेलं दत्तकपत्र न्यायालय सहसा ग्राह्य धरतं. हा युक्तिवाद पोकळ नाही, काही वकील तो तुम्हाला खात्रीने सांगतीलही. पण त्या दत्तकपत्राने अमेरिकेतल्या दप्तरात काय बदलतं, हे त्यांना विचारा. बाळाच्या जन्मदाखल्यावर आईवडील म्हणून रेवती आणि तिच्या नवऱ्याचीच नावं राहतील. सोळा वर्षांखालच्या मुलाचा अमेरिकी पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि तो काढताना दोन्ही पालकांची संमती लागते. म्हणजे दर पाच वर्षांनी तुमच्या मुलाच्या कागदावर पालक म्हणून सही करतील ती मावशी आणि काका. इथे ते मूल परदेशी नागरिक म्हणून राहील. त्याचा व्हिसा, शाळेतला प्रवेश, दवाखान्यातलं संमतीपत्र, प्रत्येक ठिकाणी तुम्ही त्याचे कोण हा प्रश्न नव्याने उभा राहील. पुढे गावाकडच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून त्याचं नाव लावायची वेळ आली आणि फेरफाराला एखाद्या चुलत्याने हरकत घेतली, तर दत्तक वैध होतं की नव्हतं याचा वाद तेव्हा सुरू होईल. तेव्हा आपल्यापैकी बरेचजण नसू आणि तो वाद त्याला एकट्याला लढावा लागेल.

कागद अर्धवट राहिले तर त्याची किंमत कुणाला मोजावी लागते, याचं एक उदाहरण उलट दिशेच्या प्रवासातलं आहे. मुंबईतून 1989 मध्ये एक लहान मुलगी दत्तक म्हणून अमेरिकेत नेली गेली. तिच्या नागरिकत्वाची प्रक्रिया कुणी पूर्ण केलीच नाही. मोठेपणी एका गुन्ह्यात शिक्षा झाल्यावर 2008 मध्ये त्या देशाने तिला परकी ठरवून भारतात पाठवलं. नवरा आणि मुलं तिकडेच राहिली. इथली भाषा तिला येत नव्हती, इथे तिचं कुणी नव्हतं. तुमच्या बाळाचं असंच होईल असं मी म्हणत नाही. परिस्थिती वेगळी आहे आणि तुमच्यासारखे पालक वेगळे आहेत. पण चूक मोठ्यांची होती आणि ती भोगावी लागली लेकराला, तीही कित्येक वर्षांनी, एवढं त्यातून घ्यावं.

मूल आपल्या रक्ताचं आहे, देणारी बहीण आहे, घेणारी बहीण आहे, मग सरकारचं काय काम, हा आक्षेप मी घरात ऐकला आहे. मराठी मुलखात दत्तक ही नवी गोष्ट नाही. सयाजीराव गायकवाड 1875 मध्ये कवळाण्याहून बडोद्याला दत्तक गेले, शाहू महाराज 1884 मध्ये कागलहून कोल्हापूरला. दोन्ही दत्तकं सत्तेच्या संमतीने झाली, म्हणून टिकली. झाशीला 1853 च्या नोव्हेंबरात गंगाधररावांनी नात्यातल्याच मुलाला विधिपूर्वक दत्तक घेतलं, इंग्रज अधिकाऱ्याला साक्षीला बोलावून. गव्हर्नर जनरल डलहौसीने ते मानलं नाही आणि राज्य खालसा केलं. त्या मुलाने, दामोदररावांनी, पुढचं आयुष्य इंदुरात तुटपुंज्या पेन्शनवर काढलं. तो अन्याय होता, याबद्दल दुमत नाही. पण विधी पूर्ण आणि कुळ संतुष्ट असलं तरी ज्या सत्तेकडून हक्क मिळवायचा तिने मान्यता दिली नाही तर मूल उघड्यावर पडतं, हे त्या इतिहासात स्पष्ट दिसतं. शिवाय तेव्हा दत्तक घेतलं जाई ते गादीसाठी, पिंडासाठी, वंशासाठी. आजचा कायदा मुलाचं हित आधी पाहतो, आणि ते हित कुटुंबाबाहेरच्या कुणीतरी तपासावं असं म्हणतो. मला ही सुधारणा वाटते.

बाहेरच्या माणसाने तपासायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे आईची संमती. आंतरदेशीय दत्तकाविषयीचा हेग करार 1993 चा. भारताने तो 2003 मध्ये स्वीकारला, अमेरिकेत तो 2008 पासून लागू आहे. त्याच्या चौथ्या कलमात लिहिलं आहे की संमती मोकळेपणाने दिलेली असावी, तिच्या बदल्यात काही दिलं-घेतलं गेलेलं नसावं आणि आईची संमती मूल जन्मल्यानंतरचीच असावी. आपल्या बाल न्याय कायद्यातही मूल स्वाधीन करणाऱ्या पालकांना फेरविचारासाठी दोन महिने दिलेले आहेत. परक्या माणसाला नाही म्हणणं एक वेळ सोपं असतं. थोरल्या बहिणीची दहा वर्षांची प्रतीक्षा डोळ्यांसमोर असताना, आईवडिलांनी शब्द टाकलेला असताना, सासरी-माहेरी तिच्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक चाललेलं असताना धाकटीने नाही म्हणणं फार कठीण. रेवती राजीखुशीने देत असेल, मला तसंच वाटतं. पण तिच्या नवऱ्याशी आणि तिच्याशी वेगवेगळं बसून, आपल्यापैकी कुणी समोर नसताना, एखाद्या जाणत्या माणसाने बोलणं आणि विचार बदलायला तिला पुरेसा वेळ मिळणं हा तिचा हक्क आहे. जानेवारीच्या तीन आठवड्यांत, पाहुण्यांनी भरलेल्या घरात, मुहूर्त काढून झालेला असताना तो तिला मिळणार नाही. तिकडच्या न्यायालयात मिळेल. आणि मृणाल, त्यातून आलेला होकार तुझ्याही कामाचा आहे. पाच वर्षांनी रेवतीला भरून आलं आणि तिने मुलाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं, तर तुमच्यातलं नातं त्या होकाराच्या आधारावरच टिकेल.

दुसरी गोष्ट, मुलाच्या मुळाची नोंद. परदेशात जाणाऱ्या मुलांच्या दत्तकाला आपल्याकडे शिस्त लागली ती लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्रामुळे. त्या पत्रालाच याचिका मानून 6 फेब्रुवारी 1984 रोजी न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला आणि घराची पाहणी, संस्थांना मान्यता, आईवर घाईत संमतीची सक्ती न करणं, असे नियम घालून दिले. त्याआधी आणि नंतरही काय काय चाललं होतं, ते आता बाहेर येतंय. 1973 ते 2002 या काळात भारतातून 2,278 मुलं स्वित्झर्लंडमध्ये दत्तक गेली. झुरिक आणि थुर्गाउ या प्रांतांनी करून घेतलेल्या अभ्यासात तपासलेल्या फायलींमध्ये जन्मदात्या आईचं संमतीपत्र मिळालं नाही. आपल्या पुण्यातून जर्मनीला दत्तक गेलेल्या अरुण डोले यांना स्वतःची फाइल पाहण्यासाठी वर्षानुवर्षं न्यायालयात लढावं लागलं, आई भेटली ती 2010 मध्ये. याउलट लिसा स्थळेकर. 1979 मध्ये पुण्यात जन्मलेली, ससूनजवळच्या ‘श्रीवत्स’ अनाथालयातून हरेन आणि स्यू स्थळेकर यांनी दत्तक घेतलेली, पुढे ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार. आपण कुठून आलो हे ती उघडपणे सांगते आणि ‘श्रीवत्स’ला भेटही देऊन आली आहे. तुमचं बाळ आपली जन्मदाती आई ओळखेल, हा तुमचा मोठा फायदा. पण ‘मावशीनेच मला जन्म दिला’ हे त्याला कधी, कुणी, कसं सांगायचं, हे आधी ठरलं नाही तर नात्यातलं दत्तकही गुपितावर उभं राहतं. न्यायालयाचा आदेश आणि त्यामागचे अहवाल जपून ठेवा, म्हणजे ते गुपित राहणार नाही. ते कागद त्याचे आहेत, तो मोठा झाला की त्याच्या हातात पडायला हवेत.

आता तुमचा सगळ्यात जड आक्षेप, उशीर. बाळाचे पहिले महिने पुन्हा येत नाहीत, आणि उशिराने मुलाचं नुकसान होतं हे खरं आहे. पण इथे बाळ अनाथालयाच्या पाळण्यात नाही, आपल्या आईच्या कुशीत आहे. वाट पाहण्याचा त्रास तुम्हाला होईल, त्याला नाही. कामं मात्र आजच सुरू करा. भारतीय नागरिकांनी परदेशातलं मूल दत्तक घेण्याची तरतूद ‘कारा’च्या नियमांत आहे. तुमच्या घराचा गृह अध्ययन अहवाल इथे तयार होतो, हेग कराराप्रमाणे लागणारी मान्यता ‘कारा’ देते, दत्तकाचा आदेश तिकडचं न्यायालय देतं आणि मग मूल स्वतःच्या अमेरिकी पासपोर्टवर भारताचा व्हिसा घेऊन येतं. दोन्हीकडे आंतरदेशीय दत्तक जाणणारा वकील लागेल, नुसता दस्त करून देणारा नको.

कायदाच अपुरा आहे, असंही तुम्ही म्हणाल, आणि इथे मी तुमच्याशी सहमत आहे. आकुर्डी, निगडी, चिंचवडमध्ये बजाज, टेल्कोत पाळ्या करून ज्यांनी मुलं शिकवली, त्यांची मुलं आज अमेरिकेत आणि जर्मनीत आहेत. तिकडे जन्मलेल्या नातवंडांचे असे प्रश्न आता घरोघरी येणार. नात्यातल्या परदेशी मुलासाठी सरळ, वेगवान आणि तरीही तपासणी असलेला मार्ग कायद्यात हवा. त्यासाठी खासदारांना लिहू, मंत्रालयाला निवेदन देऊ, मी त्यात पुढे असेन. पण कायदा बदलेल या भरवशावर आपल्या बाळाला पणाला लावायचं नाही. आणि त्या सुधारणेतही तपासणी सैल व्हावी असं मी म्हणणार नाही. ती सैल ठेवलेल्या देशांनी शेवटी दारंच बंद करायला घेतली. चुकीच्या दत्तकांच्या चौकशीनंतर नेदरलँड्सने परदेशी दत्तक टप्प्याटप्प्याने थांबवायचं ठरवलं, आणि स्वित्झर्लंडच्या सरकारने जानेवारी 2025 मध्ये तोच इरादा जाहीर केला. बेफिकिरीचा शेवट सरसकट बंदीत होतो, आणि मग ज्या मुलाला खरोखर घर हवं असतं त्यालाही ते मिळत नाही.

म्हणून माझी विनंती अशी. जानेवारीचं दत्तकविधान रद्द करा. रेवती बाळाला घेऊन भेटायला आली तर आनंदच आहे, पण जाताना ते तिच्याबरोबरच परत जाऊ दे. या महिन्यात वकील पाहा आणि ‘कारा’कडे लेखी विचारणा करा. होम घालायचाच असेल तर तो आदेश हातात आल्यावर, खंडोबाच्या माळावर सगळ्या आप्तांना बोलावून घालू. त्या दिवशी बाळ तुमचं आहे हे दोन्ही देशांच्या दप्तरात लिहिलेलं असेल आणि रेवतीचा होकार कुणाच्याही दडपणाविना दिलेला असेल. हेच पत्र मी रेवतीलाही पाठवतोय, म्हणजे तुम्हा दोघींत कुणापासून काही लपलेलं राहणार नाही. रागावलात तरी चालेल, पण उत्तर लिहा.

तुमचा,
मामा