हुदहुद नव्हे, सुतार पक्षी

नववीच्या वर्गात मी पक्ष्यांची मराठी नावे शिकवत होतो. सुतार पक्ष्याचे चित्र दाखवताच मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, हा तर हुदहुद!”

“नाही बेटा,” मी म्हणालो, “हुदहुदच्या डोक्यावर तुरा असतो. तो जमिनीत चोच खुपसून किडे शोधतो. सुतार पक्षी झाडाच्या खोडावर टकटक करतो. माती उकरायला तो कशाला खाली उतरेल?”

हे मी अगदी ठासून सांगितले होते. पण पुढे दोन महिन्यांतच मला माझे बोलणे मागे घ्यावे लागले.

माझा भाचा जपानमधील ओकिनावा बेटावर नोकरी करतो. २०२३ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो होतो. हे बेट लांबट आणि चिंचोळे आहे. दक्षिणेला नाहा शहराची गजबज, तर उत्तरेला यानबारूचे हिरवेगार, दमट जंगल. जिकडे पाहावे तिकडे इताजीची झाडे. त्यांचे शेंडे दुरून फुलकोबीच्या गड्ड्यांसारखे दिसतात. (ही उपमा भाच्याची. पण ती खोटी नाही.)

या जंगलात एक सुतार पक्षी राहतो. तिथले लोक त्याला नोगुचिगेरा म्हणतात. साऱ्या जगात तो फक्त इथेच आढळतो आणि त्याची संख्या काही शेकड्यांच्या पलीकडे नाही. १९७२ पासून तो ओकिनावा प्रांताचा मानाचा पक्षी आहे.

पहाटे आम्ही एका वयस्कर वाटाड्याबरोबर निघालो. बराच वेळ चाललो, तरी पक्ष्याचा पत्ता नव्हता. मग वाटाड्याने हात वर केला आणि आम्ही जागच्या जागी थांबलो. मी माझ्या सवयीने झाडांच्या खोडांकडे पाहू लागलो. भाचा कुजबुजला, “मामा, वर नाही, खाली बघा!”

वाळलेल्या पानांत एक गडद तपकिरी पक्षी चोचीने माती उडवत होता. त्याचा माथा लाल होता, म्हणजे तो नर होता. मातीतून त्याने काहीतरी ओढून काढले आणि तो उडून गेला. वाटाड्याने सांगितले, की हे नर जमिनीतून कोळी आणि रातकिड्यासारख्या किरकिरणाऱ्या सिकाडा किड्याची पिले उकरून काढतात आणि आपल्या पिलांना भरवतात. मला मागच्या बाकावरची ती मुलगी आठवली.

हा पक्षी असा बिनधास्त जमिनीवर का उतरतो? कारण या बेटावर मुळात शिकार करणारा एकही सस्तन प्राणी नव्हता. पुढे तोही आला.

थोडे पुढे गेल्यावर झाडाखाली एक पिंजरा दिसला. “हा कशासाठी?” मी विचारले. वाटाड्या भाच्याशी काहीतरी बोलला. भाचा जरा घुटमळत म्हणाला, “मुंगसासाठी, मामा. आणि ते मुंगूस आपल्याच देशाकडून आलंय.”

मी कोकणात वाढलो. आमच्या परड्यात मुंगूस दिसले, की आजी खूश होई. ‘ते आहे तोवर सापाची भीती नाही,’ असे ती म्हणे. तिथल्या जाणत्या लोकांनाही असेच वाटले होते. बेटावर हाबू नावाचा विषारी साप आहे. त्याचा आणि उंदरांचा बंदोबस्त व्हावा म्हणून प्राणिशास्त्रज्ञ वातासे शोझाबुरो यांच्या सल्ल्याने १९१० साली गंगेच्या मुखाकडच्या प्रदेशातून लहान जातीची मुंगसे आणून सोडली. पण हाबू फिरतो रात्री आणि मुंगूस दिवसा. दोघांची गाठ पडणार कशी? मुंगसांना सोपी शिकार मिळाली ती बेटावरच्या पक्ष्यांची. हळूहळू पसरत ती यानबारूपर्यंत पोहोचली.

सगळा दोष मुंगसांचाच होता असे मात्र नाही. नोगुचिगेराला घरट्यासाठी जुनी, जाड, आतून कुजू लागलेली झाडे लागतात. महायुद्धानंतर घरे बांधायला अशी झाडे भराभर तोडली गेली. पुढे जंगलात रस्ते झाले, धरणे झाली. गंमत म्हणजे अमेरिकी सैन्याच्या सरावासाठी जो भाग बंद होता, तिथे बरेच जंगल वाचले. त्यातला अर्ध्याहून अधिक भाग २०१६ च्या डिसेंबरात जपानला परत मिळाला. त्याच वर्षी यानबारू राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०२१ साली या जंगलाला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला.

मुंगसांना अडवण्यासाठी बेटाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत कुंपण घातले आहे. कुंपणाच्या उत्तरेला पिंजरे लावतात, वास काढणारे शिकवलेले कुत्रे फिरवतात.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मी दहावीत गेलेल्या त्या वर्गात मुद्दाम गेलो आणि सगळी हकिकत सांगितली. ती मुलगी अर्थातच खूश झाली. मग तिने विचारले, “सर, पकडलेल्या मुंगसांचं काय करतात?”

“मारतात,” मी म्हणालो.

वर्ग गप्प झाला. “त्यांना परत आपल्याकडे पाठवायचं ना!” ती म्हणाली.

तिच्या शेजारची मुलगी पटकन म्हणाली, “अगं, त्यांचा जन्म तर तिथलाच आहे!”

तेही खरेच होते.