भिजत पडलेले घोंगडे

वर्गात वाक्प्रचार शिकवताना ‘भिजत घोंगडे ठेवणे’ याचा अर्थ मी दरवर्षी सांगतो: एखादे काम निकालात न काढता तसेच रेंगाळत ठेवणे. मुले इमानाने वहीत उतरवून घेतात. समोर उभ्या असलेल्या मास्तरांचेच एक घोंगडे पंचवीस वर्षे भिजत पडले होते, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? आणि तेही अलंकारिक नव्हे, चांगले लोकरीचे!

कोल्हापूरला एम. ए. करीत असताना माझ्या खोलीत जत तालुक्यातला एक मुलगा राहायला आला. मेंढपाळाच्या घरचा. सामान काय, तर एक पत्र्याची ट्रंक आणि वडिलांनी दिलेली काळी घोंगडी. पहिल्याच रात्री चार मित्रांच्या देखत मी नाक दाबून म्हणालो, “अरे, खोलीत मेंढरे शिरली की काय?” सारे हसले. तोही हसला. घोंगडी मात्र ट्रंकेत गेली आणि साऱ्या हिवाळ्यात वर आली नाही. त्याने थंडी काढली ती एका आखूड चादरीवर. गडी उंच. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. त्याचे पाय रात्रभर पोटाशीच असत.

पुढच्या पावसाळ्यात मला सडकून ताप भरला. मध्यरात्री जाग आली, तेव्हा माझ्या अंगावर तीच घोंगडी होती. सकाळी तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही.

आज तो दिल्लीत नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील गेले. फोनवर सहज म्हणाला, “घरे बदलताना ती घोंगडी कुठे गेली कळलेच नाही रे. आबांची तेवढीच एक वस्तू होती माझ्याजवळ.” त्या रात्री मला झोप लागली नाही. गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी लागताच मी मिरजेहून जतची एस. टी. पकडली. त्याच्या मुलखातल्या मेंढ्यांच्या लोकरीची, त्याच्यासाठी म्हणून विणलेली घोंगडी करून घ्यायची, एवढाच बेत.

कवठे महांकाळ मागे पडले की द्राक्षांचे मळे विरळ होत जातात आणि माळ सुरू होतो. बाभळी, खुरटे गवत, दूर पवनचक्क्या. जत हे एके काळचे डफळे सरकारांचे संस्थान. ते १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले, पुढे दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले, आणि १९६० साली त्या जिल्ह्याचेच नाव सांगली झाले. नावे बदलली, पण पावसाने या तालुक्याशी धरलेला अबोला काही सुटला नाही. म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी काही गावांपर्यंत आणले आहे. तिथे हिरवे पट्टे दिसतात. बाकी माळावर मेंढरू हाच आधार. भाषाही इथे दुपेडी: वाक्य मराठीत सुरू होते आणि बाजाराचा हिशेब कानडीत संपतो.

मी थेट माडग्याळ गाठले. इथली मेंढी नावाजलेली. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, उंच बांधा आणि पोपटासारखे बाकदार नाक. एका मेंढपाळाला मी माझा बेत सांगितला. तो तोंडाला पटका लावून हसू लागला.

“सर, हिच्या अंगावर लोकर हाय कुठं? ही बाजाराची मेंढी. पांघरायला पायजे ती काळी दख्खनी!”

मराठीच्या प्राध्यापकाचे प्राणिशास्त्र तिथेच उघडे पडले. पण त्यानेच एका म्हाताऱ्या विणकराचे गाव सांगितले, आणि मी निघालो.

म्हातारबा खड्ड्याच्या मागावर बसले होते. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. ती सर्वांत मऊ. लोकर पिंजायची, बायांनी चरख्यावर सूत काढायचे, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची, मग विणायचे. “आता कातरायची मजुरी लोकरीच्या दामापरीस जास्ती,” ते म्हणाले. “लोक लोकर टाकून देत्यात. पोरं सांगलीला गेली. बाजारात पानिपतची ब्लँकेटं येत्यात.” मराठ्यांना पानिपताने असेही गाठावे, याचे मला वाईट वाटले.

मी म्हणालो, “पांघरायला हवी आहे.” तर ते रागावलेच. घोंगडी काय नुसती पांघरायची? पावसात डोक्यावर घेतली की ती खोळ. लोकरीच्या तेलकटपणामुळे सरी बऱ्याचशा वरच्यावर निथळतात. उन्हात काठ्यांवर टाकली की सावली, पाहुणा आला की बैठक, धान्य वाळवायचे तर अंथरी. वाटेत मेंढी व्याली, तर ओले कोकरू तिच्यातच गुंडाळायचे. मेंढ्या घेऊन महिनोन् महिने रानोमाळ फिरणाऱ्याचे सारे घर खांद्यावर मावते, ते हेच.

शेवटी त्यांनी विचारले, “कुणासाठी? गड्याची उंची किती?”

मी हात डोक्याच्या वर धरला. “एवढा. आणि पाय पसरून झोपता आले पाहिजे.”

मार्गशीर्षात जतला यल्लम्मादेवीची जत्रा भरते. त्या सुमारास मी पुन्हा गेलो. घोंगडी तयार होती: काळी, जड, आणि नाकाशी नेली तेव्हा तोच वास. पंचवीस वर्षांपूर्वी मी ज्याला हसलो होतो, तो वास घेत मी एस. टी.त मिरजेपर्यंत मांडीवर गाठोडे धरून बसलो. शेजारच्या बाईंनी पदर नाकाला लावला. त्यांना दोष कोणत्या तोंडाने देणार?

पार्सलात घालायला पत्र लिहायला बसलो. चार कागद फाडले. प्रबंध तपासणाऱ्या माणसाला दोन ओळींची क्षमा लिहिता येईना. शेवटी एवढेच लिहिले: “धुऊ नकोस. वास जाईल.”

आठवड्याने रात्री उशिरा फोन आला. बराच वेळ पलीकडून काही आवाजच नाही. मग तो म्हणाला, “टोचते रे.”

“नवी आहे. मऊ होईल.”

“पायांपर्यंत येते,” तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, “दिव्याखाली बसलोय, जरा वेळ बोल काहीतरी.”

मग जे पंचवीस वर्षे बोललो नव्हतो, ते मी बोललो.