सामान उचलण्याआधी लिहून घ्या

घर बदलायचे ठरले की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो, "टेम्पोवाला किती घेतो?" माझ्या मते हा प्रश्न चौथा-पाचवा असावा. पहिला प्रश्न हा, की "बोलता ते लिहून देता का?" संसार उभा करायला दोन पिढ्या खपतात आणि तो परक्यांच्या हाती द्यायला एक सकाळ पुरते. म्हणून भगिनींनो, चार अनुभवाचे बोल सांगते.

घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगर आणि कामराज नगरचा पुनर्विकास एमएमआरडीए व झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण यांनी मिळून हाती घेतला. कुटुंबे भाड्याच्या घरांत जाऊ लागली तसे गल्लीच्या तोंडाशी रोज टेम्पो दिसू लागले. खांबाखांबावर 'पॅकर्स अँड मूव्हर्स'ची पत्रके चिकटली. त्यावर मोबाईल नंबर मोठा, पत्ता मात्र कुठेच नाही. आमचे भाड्याचे घर मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत ठरले होते.

आमच्या आधी शेजारच्या काकू गेल्या. त्यांनी सौदा फोनवरच केला. सामान भरून टेम्पो हायवेला लागला आणि मध्येच थांबला. "सामान जास्त निघाले, मजलाही वरचा आहे, दुप्पट पडतील," असे त्यांना ऐकवण्यात आले. सगळा संसार ताडपत्रीखाली आणि काकू रस्त्याच्या कडेला! पैसे द्यावेच लागले. हातात कागद नाही, तर भांडायचे कशाच्या बळावर?

आम्ही तिघांकडे चौकशी केली. पहिल्याने फोनवरच सर्वांत कमी आकडा सांगितला आणि निम्मी रक्कम आगाऊ मागितली. त्याला तिथेच नकार दिला. दुसरा नगरातलाच टेम्पोवाला, माणूस भला, पण त्याच्याकडे गाडी होती, माणसे नव्हती. तिसरा स्वतः घरी आला. पलंगाखाली वाकून पाहिले, पोटमाळ्यावर काय आहे ते विचारले. मांडणी, पिंप, शिलाई मशीन, फ्रीज, कपाट, सारे वहीत उतरवले. गल्लीत गाडी शिरणार नाही, हायवेपर्यंत सामान डोक्यावर न्यावे लागेल, तिकडे तीन मजले चढायचे आहेत, हे त्यानेच आधी बोलून दाखवले. जो माणूस अडचण आधी सांगतो तो नंतर अडवत नाही, असे माझे मत झाले. त्याचा आकडा पहिल्यापेक्षा जास्त होता, तरी काम त्यालाच दिले.

तेही तोंडी नाही. तारीख, दोन्ही पत्ते, मजले, माणसे किती, वस्तूंची यादी, बांधणीचा खर्च, एकूण रक्कम, जीएसटी त्यात धरला की वेगळा, फुटतूट झाली तर कोण भरणार, हे सगळे कागदावर घेतले. बयाणा थोडा आणि बाकी रक्कम सामान वर चढल्यावर, असे ठरले. सामान भरण्याआधी गाडीचा नंबरही टिपून ठेवला.

जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरे-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो. सरकारी पोर्टलवर तो टाकला की धंद्याचे नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसते. माझ्या मुलीने दोन मिनिटांत पाहून सांगितले. पत्रकावरचे नाव आणि पोर्टलवरचे नाव जुळते का, हे जरूर पाहावे. मोठ्या कंपनीशी मिळतेजुळते नाव लावून फसवणारे पुष्कळ आहेत.

सासूबाईंनी मात्र त्याला वेगळेच विचारले. "बाळा, सामान उचलणाऱ्या पोरांना दिवसाचे किती देतोस? ती जेवणार कुठं?" हा प्रश्न कुठल्याही पत्रकात नसतो. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर हमाली केली, म्हणून तो त्यांना सुचला. हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. नोंदणी झालेल्या कामगाराला त्याने मंडळाचा आधार मिळाला, मजुरीला शिस्त आली. पण घरसामान हलवणारी कितीतरी मुले आजही रोजंदारीवर, कसल्याही नोंदीशिवाय राबतात. फारच स्वस्तात नेणारा बहुधा त्यांच्याच मजुरीला कात्री लावतो. आणि उपाशी, थकलेल्या खांद्यावरून कपाट निसटले तर दोष कुणाचा? त्या दिवशी आमच्याकडे चार माणसे आली. त्यांना आधी चहा-नाश्ता दिला, मग कामाला हात लावला.

आता भरपाईविषयी. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले तेव्हा त्यांचे सामान आणि ग्रंथ दुसऱ्या जहाजाने येत होते. महायुद्ध चालू होते. जर्मन पाणबुडीने ते जहाज बुडवले. थॉमस कुक कंपनीकडून सामानाची भरपाई मिळाली आणि त्या पैशांमुळे त्यांना बडोद्याला नोकरीवर जाता आले. ग्रंथ मात्र गेले ते गेलेच. यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. ज्याची किंमत पैशांत होते त्याची नोंद आणि विमा करावा. ज्याची होत नाही ते शक्यतो नजरेआड करू नये.

आमच्या घरात असे काय होते? रेशन कार्ड, जुनी वीजबिले, सर्वेक्षणाची पावती, पात्रतेचे आणि भाड्याचे कागद, मुलांचे दाखले, जातीची प्रमाणपत्रे. फ्रीज मोडला तर दुसरा येईल. पण पुनर्वसनाच्या घराचा हक्क ज्या कागदांवर उभा आहे ते हरवले तर पुन्हा किती कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायच्या? ती पिशवी सासूबाईंनी मांडीवर घेतली आणि त्या रिक्षाने मुलुंडला गेल्या. कागदांच्या प्रती मुलीने आधीच काढून ठेवल्या होत्या. सासऱ्यांची पुस्तके छोट्या खोक्यांत भरली, कारण मोठे खोके पुस्तकांनी भरले की तळ फाटतो.

परगावी बदली झाली तर आणखी काळजी घ्यावी. रस्त्याने मालवाहतुकीचा २००७ चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार वाहतूकदाराने नोंदणी करायची असते आणि मालाची पावती द्यायची असते. जास्त जोखमीचा जादा दर आधी ठरवला नसेल तर भरपाईला मर्यादा पडते. नुकसानीची लेखी नोटीस माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते. सामान उतरताना यादीशी ताडून पाहावे, फुटलेल्या वस्तूचा फोटो काढावा आणि पावतीवर तसे लिहूनच सही करावी. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर सांगावे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगही आहे.

आपल्यातल्या कितीतरी जुन्या माणसांनी न वाचता अंगठे उठवले आणि त्याची किंमत मोजली. आपण वाचून सही करावी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अक्षर लागत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातीला समोर बसवावे, तिने तो कागद मोठ्याने वाचावा, सगळ्यांनी ऐकावा, आणि मगच पहिले गाठोडे उचलू द्यावे.