ताई, चियांग माईला मुक्काम कर

पुणे

प्रिय ताई,


तू पाठवलेला टूरचा कार्यक्रम नीट वाचला. बँकॉक, पट्टाया, पुन्हा बँकॉक; रोज सकाळी सातला बस आणि शेवटच्या दिवशी खरेदीला दोन तास. तू तर लिहितेस की मुलांची लग्नं उरकली, आता चांगलंचुंगलं खायचं, थोडी खरेदी करायची आणि पाय पसरून बसायचं. मग इतकी धावपळ कशाला? सरळ उत्तरेला चियांग माईला जा आणि तिथेच राहा.

गाव जुनं आहे. मंगराई राजानं १२९६ साली वसवलं, लान्ना राज्याची राजधानी म्हणून. जुन्या वस्तीभोवतीचा चौकोनी खंदक अजून पाण्यानं भरलेला असतो आणि त्याच्या आत बरंचसं पायी फिरता येतं. दमलात की लाल रंगाच्या सोंगथेव गाड्या आहेतच. मागं दोन समोरासमोर बाकं असतात, हात केला की थांबतात. बसण्याआधी भाडं मात्र ठरवून घ्या.

आता खाण्याचं. तिथं गेल्यावर पहिल्या दुपारी खाओ सोई खा. खोल वाडग्यात नारळाच्या दुधातला पिवळा, मसालेदार रस्सा, त्यात अंडं घातलेल्या पिठाच्या चपट्या शेवया आणि कोंबडीची तंगडी. वरून त्याच शेवया तळून कुरकुरीत केलेल्या. सोबत छोट्या बशीत मोहरीच्या पाल्याचं आंबवलेलं लोणचं, कच्चे छोटे कांदे, लिंबाची फोड आणि तेलात परतलेली तिखटाची पूड. हे सगळं आपल्या हातानं घालायचं, तळलेल्या शेवया मऊ पडायच्या आत खायला सुरुवात करायची. युन्नानमधून खेचरांवर माल लादून येणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्यांशी या पदार्थाचं नातं सांगतात. त्यांची जुनी मशीद नाईट बाजाराजवळच्या गल्लीत आहे. तिच्या समोर शुक्रवारी सकाळी बाजार भरतो, डोंगरातली माणसं भाजी घेऊन येतात. तो चुकवू नकोस.

तुला सर्वांत आवडेल ते नाम प्रिक नुम. हिरव्या लांब मिरच्या, लसूण आणि छोटे कांदे निखाऱ्यावर काळे होईपर्यंत भाजतात, साल काढतात आणि उखळीत कुटतात. आईच्या ठेच्याची आठवण येईल, फक्त हा ओलसर आणि जरा सौम्य. उकडलेल्या भाज्यांबरोबर आणि चिकट भाताबरोबर खातात. तो भात बांबूच्या झाकणाच्या टोपलीत येतो. हातानं छोटा गोळा करायचा आणि बुडवून तोंडात टाकायचा, चमच्याची गरजच नाही.

भाऊजी शाकाहारी, त्यांच्या खाण्याचं मात्र आधी ठरवून ठेव. भाजी म्हणून जे देतात त्यातही माशांचा सॉस किंवा कोळंबीची पेस्ट असते, आणि नाम प्रिक नुमही त्याला अपवाद नसतं. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेली खानावळ शोधायची. तिथं मांस, मासे, अंडी काहीच नसतं. कांदा-लसूणही नसतो, म्हणजे चातुर्मासातही चालेल.

खरेदीला मॉलमध्ये जाऊ नका. पिंग नदीजवळ वारोरोत बाजार आहे, गावातले लोक स्वतः तिथं घेतात. खाली सुकी फळं आणि मसाले, वर कपडे, बाहेर नदीच्या अंगाला फुलबाजार. शेजारच्या गल्लीत ह्मोंग जमातीच्या बायकांची दुकानं आहेत. मेणानं नक्षी काढून निळीत बुडवलेलं कापड आणि दाट चुण्यांचे घागरे तिथं मिळतात. असं कापड हातात घेतलं की घासाघीस करावीशी वाटत नाही. एकदा भाव विचारावा, परवडलं तर घ्यावं. या बाबतीत माझं मत पक्कं आहे.

चांदी घ्यायची तर वुआलाई रस्त्यावर. शनिवारी संध्याकाळी तिथं बाजार भरतो, पण मी म्हणते इतर दिवशी सकाळी जा. कारागीर पत्र्यावर छोट्या छिन्नीनं ठोकत असतात आणि हत्तीची सोंड आपल्या डोळ्यांदेखत वर येते. तिथल्या एका देवळाच्या मुख्य गाभाऱ्यात बायकांना प्रवेश नाही. मला फार वाईट वाटलं. आपल्याकडेही हा भांडणाचा विषय आहे, म्हणून तुला आधीच सांगून ठेवते. रविवारी संध्याकाळी थाफे दरवाज्यापासून रस्ता गाड्यांना बंद होतो आणि देवळांच्या अंगणात खाण्याची दुकानं लागतात. सहा वाजता राष्ट्रगीत लागलं की सगळी गर्दी जागच्या जागी उभी राहते. तुम्हीही थांबा.

मालिश रोज करून घे. अंगावर त्यांचे सैल सुती कपडे, जमिनीवर गादी, तेल नाही. आधी पाय धुतात, मग तळव्यापासून अंगठ्यानं दाबत दाबत वर येतात आणि शेवटी अंग ताणतात. गुडघ्याचं दुखणं सुरुवातीलाच सांग. ही विद्या ते जीवकाची मानतात. बुद्धाचा आणि बिंबिसाराचा वैद्य होता ना, राजगृहाचा, तोच. २०१९ साली युनेस्कोनं ती मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. जुन्या गावात बायकांच्या तुरुंगातर्फे चालवलेलं एक केंद्र आहे. शिक्षा संपत आलेल्या बायका तिथं हे काम शिकतात आणि करतात, सुटताना त्यांच्या हातात कमाई असते. पैसे द्यायचे तर तिथं द्यावेत असं मला मनापासून वाटतं.

दोई सुथेप डोंगरावरच्या देवळाला तीनशेहून जास्त पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना नाग. पण वर न्यायची गाडीही आहे, तेव्हा गुडघ्याचं निमित्त सांगू नकोस.

महिना नीट निवड. नोव्हेंबर ते जानेवारी हवा छान असते. फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत शेतं आणि रानं पेटवतात, धुरानं डोंगरही दिसत नाही. भाऊजींच्या दम्याला ते अजिबात चालणार नाही. आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास तिथं यी पेंगचा सण असतो. पिंग नदीत केळीच्या खांबाच्या चकत्यांवर दिवे सोडतात, आकाशात कागदी कंदील. गर्दी होते, खोल्या महागतात, तरी तोच मुहूर्त धरावा असा माझा आग्रह आहे.

भाऊजींना हे पत्र वाचून दाखव, आणि टूरवाल्याला पैसे भरण्याआधी मला फोन कर.

तुझी,
धाकटी