फोनची भाषा, माणसाची भाषा

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यापासून वेगळा झाला. उत्तरेला मध्य प्रदेशातलं बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड. आमच्या घरी पोवारी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, सालेकसा-देवरीकडे गोंडीही. इथला माणूस दिवसातून तीन वेळा भाषा बदलतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. वेबसाइटला मात्र ते जड जातं.

मी धान खरेदीची माहिती देणाऱ्या एका साइटवर काम करतो. मराठी आणि हिंदी, दोन्हीत. ती माझ्याकडे आली तेव्हा तक्रार ठरलेली: ‘मराठी निवडली तरी पान हिंदीत उघडतं.’

कारण होतं कॅश. पैशांची नव्हे, एकदा तयार झालेलं पान साठवून पुढच्याला तेच देणारी. गावात नेटवर्क रडतखडत चालतं, म्हणून ती हवीच. पण कॅश पान ओळखते पत्त्यावरून. दोन्ही भाषांचा पत्ता एकच असेल, तर आधी कुणी हिंदीत उघडलेलं पान मागून आलेल्या मराठी शेतकऱ्याच्या हातात पडतं. नोंदणीची शेवटची तारीख वाचताना तो अडखळला, तर नुकसान त्याचं.

ब्राउझर प्रत्येक वेळी ‘अ‍ॅक्सेप्ट-लँग्वेज’ नावाची आवडत्या भाषांची यादी पाठवतो. त्या यादीप्रमाणे वेगळी प्रत साठव, असं कॅशला सांगायला ‘व्हेरी’ हेडर आहे. १९९७ च्या एचटीटीपी १.१ पासून. पण फोनागणिक यादी थोडी वेगळी. एकाच पानाच्या ढीगभर प्रती होतात आणि कॅशचा फायदाच जातो.

त्याहून मोठी अडचण म्हणजे ती यादी फोनची असते, माणसाची नाही. माझ्या काकांचा फोन इंग्रजीत आहे, दुकानदाराने दिला तसाच. काकांना इंग्रजी वाचता येत नाही. ते चिन्हं पाहून फोन चालवतात.

म्हणून आम्ही भाषा पत्त्यातच टाकली. मराठी पानाचा पत्ता वेगळा, हिंदीचा वेगळा. कॅशचा गोंधळ संपला. पत्त्यात भाषा नसेल तेव्हाच अंदाज करायचा, आणि ते वळवणारं उत्तर कॅशमध्ये ठेवायचं नाही. एकदा माणसाने स्वतः निवड केली की ती कुकीत राहते आणि अंदाजापेक्षा वरचढ ठरते. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी मराठी लिंक पाठवली, तर मराठीच उघडते. फोन हिंदीत असला तर वर फक्त एक पट्टी येते: ‘यह पन्ना हिंदी में भी है।’ जबरदस्तीने कुणाला वळवत नाही.

भाषांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत गोंडीलाही कोड आहे: ‘जीओएन’. उद्या गोंडी पानं आली, तर आमच्या कोडमध्ये फार काही बदलावं लागणार नाही. गोंडीत मजकूर लिहून देणारा माणूस मिळत नाही. खरं घोडं तिथे अडलंय.