टेबलावरचं इस्लापूर आणि तंबूची टॉकीज

नांदेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की मुदखेड, भोकर, हिमायतनगर ही स्टेशनं मागं पडतात आणि सागाची झाडं हळूहळू खिडकीजवळ येऊ लागतात. सहस्रकुंड आलं, की उतरायचं. इस्लापूर तिथून जवळच. तालुका किनवट. इथं येणारे बहुतेक पाहुणे पावसाळ्यात येतात, पैनगंगेचा धबधबा बघतात, फोटो काढतात आणि परत जातात. नदीच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. एका उडीत दोन प्रदेश, असं आमची मुलं म्हणतात. (उडी मात्र कुणी मारायची नाही बरं का! खडक फार निसरडे आहेत.)

मुलांनो, धबधब्याबद्दल तुम्ही पुष्कळ वाचलं असेल. आज मी तुम्हाला वेगळ्याच इस्लापूरला नेणार आहे. ते शाळेतल्या दोन जोडलेल्या टेबलांवर आहे आणि तिथं कायम १९७७ सालचा डिसेंबर महिना चालू असतो.

त्याचं असं झालं. सातवीतला एक मुलगा सुट्टीत मामाकडे पुण्याला गेला होता. कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १९९८ साली ते सुरू झालं. ते बघून आला आणि आल्या आल्या म्हणाला, "सर, आपण आपली रेल्वे करू."

करू म्हणणं सोपं! पहिलाच प्रश्न मापाचा आला. आम्ही ठरवलं, खऱ्या एका मीटरला टेबलावर दोन सेंटीमीटर. मुलांनी स्टेशनवर जाऊन चौकशी केली. आजचा रूळ ब्रॉडगेज, दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. म्हणजे टेबलावर साडेतीन सेंटीमीटरच्या जरासं आत. तेवढ्यात एकीचे आजोबा म्हणाले, "आमच्या वेळी गाडी एवढी रुंद नव्हती." खरंच होतं ते. निजामाच्या काळात टाकलेला हा मार्ग मीटरगेजचा होता. रुळांत अंतर बरोबर एक मीटर. या शतकात तो रुंद झाला. मीटरगेज घ्यायचं तर टेबलावर बरोबर दोन सेंटीमीटर!

तेव्हा आमच्या लक्षात आलं, की माप ठरवण्याआधी साल ठरवायला हवं. साल ठरलं, की बाकीचं सगळं त्याच्यामागून चालत येतं. मुलांनी मतं घेऊन १९७७ हे साल ठरवलं. मग इंजिन वाफेचं आलं. मीटरगेजवर प्रवासी गाडी ओढणारं वायपी जातीचं काळं धूड, जे जमशेदपूरच्या टेल्कोच्या कारखान्यातही बनत असे. डबे निळे नाहीत, गडद तांबडे. एक डबा साडेएकोणीस मीटर, म्हणजे टेबलावर एकोणचाळीस सेंटीमीटर. त्यामुळे आमच्या गाडीला दोनच डबे आहेत. तिसरा लावला, की शेपूट टेबलाबाहेर!

स्टेशन झालं, सागाच्या भुशाची जमीन झाली, वाळू चाळून रुळांखाली खडी झाली. आता गावात काय काय दाखवायचं? सगळे एका सुरात ओरडले, "टॉकीज!"

परदेशात रेल्वेची मॉडेलं करणारे हौशी लोक खूप आहेत. अमेरिकेतल्या पुष्कळांना १९५० च्या आसपासचा काळ आवडतो. त्यांच्या छोट्या गावात एक थिएटर हमखास असतं. दारावर दिव्यांची झगमगती पाटी, पाटीवर सिनेमाचं नाव. ते नाव चुकलं, तर बघणारा लगेच म्हणणार, "अहो, हा सिनेमा तर पाच वर्षांनी आला!" म्हणून तिथं थिएटर म्हणजे सगळ्या मॉडेलचं कॅलेंडरच असतं. आमच्या मुलांनी मोबाईलवर त्यांचे फोटो बघितले आणि पुठ्ठ्याचं तसंच एक देखणं थिएटर केलंसुद्धा. लाल-निळे दिवे लावलेलं.

ते बघायला आबांना बोलावलं. आबा ऐंशीच्या घरातले. तरुणपणी चार हंगाम ते एका फिरत्या टॉकीजबरोबर गडी म्हणून हिंडले आहेत. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेपासून लहान लहान बाजारगावांपर्यंत. आता त्यांना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. त्यांनी थिएटरवरून बोटं फिरवली आणि विचारलं, "ही भिंत कशाची रे?"

"विटांची, आबा."

"विटांची काहून? आपली टॉकीज तर कापडाची व्हती. ट्रकमधी यायची अन् ट्रकमधीच जायची."

झालं! थिएटर उचलून कपाटावर ठेवावं लागलं. ज्यांनी केलं होतं त्यांची तोंडं एवढीशी झाली. पण दुसऱ्या दिवशी तीच मुलं वही-पेन्सिल घेऊन आबांच्या ओट्यावर बसली होती.

तंबूचा फोटो गावात कुणाकडेच निघाला नाही. त्या काळी कॅमेरा होताच किती जणांकडे? आणि पक्क्या थिएटरची निदान पडकी भिंत तरी मागं राहते. तंबूचं काय राहणार? जे होतं ते आबांच्या बोटांत. लांबी ऐंशी फूट, रुंदी चाळीस. पडदा वीस फुटांचा. आमच्या टेबलावर तंबू एकोणपन्नास सेंटीमीटर झाला आणि पडदा बारा. कापड म्हणून जुनं धोतर घेतलं आणि चहाच्या पाण्यात बुडवून मळकं केलं. खांबांना बांबूच्या काड्या. आबांनी हात लावून पाहिलं. "इतका ताठ नको. वाऱ्यानं फाटंल. दोऱ्या जरा सैल सोडा." तीन वेळा सोडल्या, तेव्हा कुठं आबांची मान हलली.

तंबू नेमका कुठं होता, यावर मात्र भांडण लागलं. आबा म्हणाले स्टेशनच्या बाजूला. शेजारच्या एक आजी म्हणाल्या, छे, बाजाराच्या माळावर. दोघंही ऐकेनात. मग आजी सहज बोलून गेल्या, की इंजिनानं शिट्टी मारली, की सिनेमातल्या बाईचं रडणं ऐकूच येत नसे. मुलीच्या वहीत हे वाक्य होतं. तिनं दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, "सर, भोंग्याचा आवाज शिट्टीखाली दबला, म्हणजे तंबू रुळाजवळच असणार ना?" म्हणून आमचा तंबू माळाच्या रुळाकडच्या टोकाला आहे. आबांनाही ते पटलं, आजींनाही.

पोस्टरवरून आणखी गंमत. सगळ्यांना 'शोले' हवा होता. तो १९७५ च्या ऑगस्टमध्ये लागला आणि आमचं साल १९७७, मग हरकत काय? हरकत अशी, की 'शोले' मुंबईत वर्षानुवर्षं हटला नव्हता. तंबूवाल्यांना शहरात फिरून फिरून जुनी झालेली रिळं स्वस्तात मिळत. असल्या धो-धो चालणाऱ्या सिनेमाची रिळं इतक्या लवकर खेड्यातल्या तंबूत येणं अवघडच. शेवटी दादा कोंडके यांचा १९७१ चा 'सोंगाड्या' ठरला. 'शोले'वाल्यांनी दोन दिवस अबोला धरला. मला स्वतःला त्यांचा राग समजतो. पण सहा वर्षं जुना सिनेमा नव्या उत्साहानं बघणारं गाव दाखवण्यात जास्त गंमत आहे.

आता यंत्र. खऱ्या यंत्रात उजेडासाठी कार्बनच्या दोन कांड्या असत. त्यांच्या टोकांमध्ये विजेचा लखलखीत झोत पेटे. कांड्या जळून आखूड होत, म्हणून ऑपरेटरला त्या सतत जवळ आणाव्या लागत. विसरला, की पडदा अंधूक आणि प्रेक्षकांच्या शिट्ट्या सुरू! वीज जनरेटरची. तो लांब उभा करायचा, नाहीतर गाण्यात त्याचाच ताल. फिल्म सेकंदाला चोवीस चित्रं धावे, एका फुटात सोळा चित्रं, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. हजार फुटांच्या सोळा रिळांचा सिनेमा किती वेळ चालेल? आमच्या सातवीनं गणित केलं : तीन तासांना दोन मिनिटं कमी. यंत्र एकच असलं, तर रीळ बदलताना अंधार. आबांच्या मते शेंगदाण्याची खरी विक्री त्याच अंधारात व्हायची.

आमचं यंत्र म्हणजे काडेपेटीची खोली, आत छोटा एलईडी दिवा, पुढं प्लास्टिकच्या तुकड्यावर पेनानं काढलेला नट आणि त्याच्यापुढं भिंग. दिवा लावला आणि पडद्यावर नट उलटा! पाय वर, टोपी खाली. मुलं खो-खो हसली. काय झालं ते आबांना सांगितलं, तर तेही हसले. म्हणाले, "बराबर हाय. आमची फिल्मबी डोकं खाली करूनच लावत." भिंग चित्र उलटं करतं हे पुस्तकात होतंच, पण आता ते कुणी विसरणार नाही.

प्रेक्षक म्हणून चिंचोके बसवले आहेत. प्रत्येकाला शिंप्याकडच्या चिंधीचं लुगडं नाहीतर फेटा. मध्ये कापडाचा आडपडदा, एकीकडे बाया, एकीकडे गडी. दाराशी वाळूच्या लाल बादल्या, आग लागली तर हाताशी हव्यात म्हणून. आबांनी बोटांनी बादल्या मोजल्या आणि आणखी दोन ठेवायला लावल्या.

महाराष्ट्रातल्या अशा फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा माहितीपट केला आहे. २०१६ साली तो फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला गेला. तोपर्यंत रिळं जाऊन डिजिटल यंत्रं आली होती आणि तंबू मोजकेच उरले होते. मोठे झाल्यावर जरूर बघा.

आमचा तंबू फळीला चिकटवलेला नाही. हे आबांनीच सांगितलं. बाजार संपला, की पहाटे तंबू उतरायचा आणि ट्रक पुढच्या गावाला जायचा. म्हणून शनिवारी शाळा सुटताना मुलं दोऱ्या सोडतात, धोतराची घडी करतात, चिंचोके डब्यात भरतात. मग एकदा गाडी फिरवतात. रुळाच्या बाजूला भुशाच्या माळावर फक्त खांबांची भोकं दिसतात आणि थोडी शेंगांची टरफलं. ती टरफलं आम्ही खरीच ठेवली आहेत; मापात बसत नाहीत, पण मुलं काढू देत नाहीत.