चालू आहे तोवरच

कव्हर काढलं की आधी टॉर्च मारून एकच आयसी शोधायचा. शेजारच्यांपेक्षा चांगलाच उंच, काळा ठोकळा. हाही तसाच सापडला. वर ‘डॅलस डीएस१२२५वाय’, खाली चार आकडे: ९०११. म्हणजे १९९० सालचा अकरावा आठवडा. बाहेरची वीज अजिबात नसली तरी निदान दहा वर्षं आठवण धरून ठेवीन, एवढाच त्याचा वायदा होता. पस्तीस वर्षं उलटली, अजून धरून आहे.

ऑसिलोस्कोप टेक्ट्रॉनिक्सचा, २४६५बी. चार चॅनेल, ४०० मेगाहर्ट्झ. एका कॉलेजच्या भंगारात निघाला होता. पडद्यावरची रेघ ॲनालॉग, पण प्रत्येक बटणामागे मायक्रोप्रोसेसर बसलेला. उत्तम चालतो. म्हणूनच उघडला.

*

ठोकळ्याच्या पोटात तीन गोष्टी. आठ किलोबाइटची साधी स्टॅटिक रॅम, लिथियमचा सेल आणि विजेवर नजर ठेवणारं छोटं सर्किट. पाच व्होल्ट घसरू लागले की ते सर्किट आधी लिहिण्याची वाट बंद करतं, मग रॅमला सेलवर टाकतं. हे सगळं इपॉक्सीत ओतून कायमचं बंद. सेल बाहेरून मोजता येत नाही, बदलता येत नाही. स्वस्थ बसलेली रॅम इतका थोडा करंट ओढते की सेल वापराने कमी आणि वयाने जास्त संपतो. त्यामुळे कपाटात झाकून ठेवलेला स्कोप सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे.

*

त्या आठ किलोबाइटमध्ये असतं काय? स्कोप बनला तेव्हा कुणीतरी त्याला नेमके व्होल्ट दिले, नेमक्या अंतरावरच्या वेळेच्या खुणा दिल्या आणि त्याच्या ॲम्प्लिफायरमध्ये, स्वीपमध्ये जे काही कमी-जास्त भरलं ते आकड्यांत लिहून ठेवलं. चालू केल्यावर प्रोसेसर तेच आकडे वाचून रेघ जागेवर आणतो. हे आकडे त्या एका स्कोपचे. शेजारच्या टेबलावरच्या त्याच मॉडेलला ते लागू पडत नाहीत, जसा माझ्या चष्म्याचा नंबर माझ्या भावाला चालत नाही.

*

हे मी फार महागात शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एक वेगळा स्कोप हातात होता. सेल जुना झाला असेल म्हणून मी मेमरी आधी न वाचताच काढली आणि नवी बसवली. स्कोप सुरू झाला, पण कोरा. मग तशाच दुसऱ्या स्कोपचे आकडे आणून भरले. रेघ छान सरळ आली आणि मला वाटलं जमलं. महिनाभराने एका विद्यार्थ्याने विचारलं, “सर, मीटर पाच व्होल्ट दाखवतोय आणि स्कोप चार पॉइंट सात, खरं कुठलं धरू?” त्याच्या त्या महिन्याच्या सगळ्या वह्या चुकीच्या आकड्यांनी भरल्या होत्या. कोरा स्कोप निदान आपण कोरा आहे हे सांगतो. उसने आकडे भरलेला स्कोप काहीच सांगत नाही.

*

“चालतंय ना? मग हात लावू नकोस,” हे मला इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे काका नेहमी म्हणायचे. त्यांचं बाकी सगळं मी मानतो. या एका बाबतीत मात्र उलटं करावं लागतं. सेल गेला, की एके सकाळी पडद्यावर ‘टेस्ट ०४ फेल’ उमटतं. तोवर वाचण्यासारखं आत काही उरलेलं नसतं.

*

पहिली रात्र: सोल्डरिंग आयर्न गरमही केलं नाही. या स्कोपमध्ये ‘एक्सर ०२’ नावाची सोय आहे, ती मेमरीतले आकडे एकेक करून पडद्यावर दाखवते. वही घेऊन बसलो. मी वाचत होतो, मुलगी लिहीत होती. मग तिने वाचलं आणि मी ताडून पाहिलं. मोबाइलने व्हिडिओही घेतला, पण वहीवर माझा जास्त भरवसा. दोन ठिकाणी बी आणि आठ यांची गल्लत झाली होती, ती ताडतानाच सापडली.

*

दुसरी रात्र. पडद्याच्या नळीला हजारो व्होल्ट लागतात, म्हणून प्लग काढून चहा पिऊन यायचं, मगच हात आत घालायचा.

आयसी काढताना घाई करायची नाही. जुन्या सोल्डरवर आधी ताजं सोल्डर द्यायचं, म्हणजे ते मऊ होऊन पंपात सहज येतं. अठ्ठावीस पाय. एक पाय झाला की दूरचा दुसरा घ्यायचा, म्हणजे एकाच बाजूला उष्णता साठत नाही. हॉट एअर गनचा इथे काही संबंध नाही. आत लिथियमचा सेल आहे हे विसरायचं नाही. ग्राउंडच्या पायाला तांब्याचा जाड पट्टा जोडलेला असतो, तो उष्णता ओढून घेतो, तिथे टोक जरा जास्त वेळ ठेवावं लागतं. ओढायचं मात्र नाही. पाय आपोआप हलला पाहिजे, नाहीतर भोकातलं तांबं उपटून येतं.

आयसी निघाला. प्रोग्रॅमरमध्ये घालून तीन वेळा वाचला, तिन्ही फाइली जुळल्या. वहीतले आकडेही फाइलीत सापडले. त्यानंतरच झोप लागली.

*

त्याच बोर्डावर, जवळच, चार छोटे सरफेस-माउंट इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. नंतरच्या काळातल्या २४६५बीमध्ये हे पाझरतात आणि खालचे ट्रॅक खातात. माझ्या बोर्डावर त्यातल्या दोघांखाली हिरवट डाग होताच. बोर्ड हातात आहे तर हेही बदलून, अल्कोहोलने पुसून घ्यावं. खरं तर आयसीपेक्षा यांनी मारलेले बोर्ड मी जास्त पाहिले आहेत.

*

आता नवीन काय बसवायचं? फेरोइलेक्ट्रिक रॅम, एफएम१६डब्ल्यू०८, पायांचा क्रम तोच, सेल लागतच नाही. तिच्या स्फटिकात अणू दोनपैकी एका जागी सरकतो आणि वीज गेली तरी तिथेच राहतो. मोह होतो. पण दोन गोष्टी आधी तपासायच्या. ही मेमरी दर वेळी चिप-एनेबल खाली आल्यावरच पत्ता उचलते. ती तार कायम खाली बांधलेल्या बोर्डावर ती चालणार नाही. शिवाय डॅलसच्या ठोकळ्यासारखा पहारेकरी तिच्यात नाही. वीज जाताना प्रोसेसर बरळला तर ते बरळणंही ती इमानाने लिहून ठेवते. २४६५बीमध्ये ती बसवून समाधानी असलेले बरेच जण आहेत. मी नवा डीएस१२२५एडी घेतला. फाइल हाताशी आहे, सेल पुन्हा संपला तर तासाभराचं काम.

लॅमिंग्टन रोडवर काय किंवा तपकीर गल्लीत काय, स्वस्तात मिळणारा ‘नवा’ डॅलस भिंगाखाली धरून बघावा. घासून पुन्हा छापलेली अक्षरं ओळखता येतात. जुन्या बोर्डावरून उतरवलेला आयसी घेतला तर त्यातला सेलही तितकाच जुना.

काही जण इपॉक्सी छोट्या ग्राइंडरने कोरून, आतल्या सेलची वाट तोडून बाहेर सीआर२०३२ लावतात. कसबी काम आहे, पण आठवण जिवंत असताना त्याच ठोकळ्यावर हे करणं मला पटत नाही. पातं अर्धा मिलिमीटर घसरलं की संपलं.

*

टेक्ट्रॉनिक्सच्याच टीडीएस ५०० मालिकेतल्या खऱ्या डिजिटल स्कोपमध्येही डॅलसचेच ठोकळे, पण मोठे: डीएस१६५०, पाचशे बारा किलोबाइट, बत्तीस पाय. तिथे संगणकाला जोडणाऱ्या जीपीआयबीच्या केबलने मेमरी बाहेर वाचून घेता येते, डिसोल्डर करण्याआधीच. जीपीआयबी कार्ड मिळवायला दोन महिने लागले तरी थांबावं.

*

सन कंपनीच्या जुन्या वर्कस्टेशनमध्येही असाच ठोकळा असे. त्यात यंत्राचा स्वतःचा इथरनेट पत्ता. सेल गेला की यंत्र सुरू होताना पत्त्याच्या जागी नुसते एफएफ. स्वतःचं नावच विसरलेलं यंत्र पाहिल्यावर मला बराच वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

*

बोर्डावर गोल पायांचं सॉकेट बसवलं, त्यात नवा आयसी. चालू केला. एकही चाचणी अडकली नाही. कॅलिब्रेटरच्या खुंटीवर प्रोब लावला: ०.४ व्होल्टचा चौकोन, काठोकाठ जागेवर. मीटरने दाखवलेले पाच व्होल्टही स्कोपने पाचच दाखवले.

जुना आयसी काड्यापेटीत घातला. पेटीवर मॉडेल, तारीख आणि ‘अजून वाचता येतो’. फाइल तीन ठिकाणी ठेवली, शिवाय कागदावर छापून स्कोपच्या आत, कव्हरला चिकटवली. माझ्यानंतर जो कव्हर उघडेल त्याच्यासाठी.

*

कोल्हापूरहून एकांचा फोन. त्यांच्या कपाटात असेच आणखी दोन स्कोप आहेत, आठ वर्षं बंद. त्यांना सांगितलं: अजून चालू करू नका, कुठलाही आयसी हलवू नका. एकात म्हणे ठोकळा नाही, सुटा सेल आहे, डाग देऊन बसवलेला. म्हणजे तो बदलताना रॅमला दुसरीकडून तीन व्होल्ट द्यावे लागतील, मध्ये एक डायोड घालून. शनिवारच्या गाडीने जातो. सोबत वही, पंप, दोन डायोड, नवा सेल.